लव्हडे आणि पुढची शिडं

डेन्झिल माझा, म्हणजे जागोचा, थोरला भाऊ. त्याचा आवाज सगळ्या फालमथ बंदराला ठाऊक होता. आमच्या पाण्यात इंजिन चालवून कालवं काढायला मनाई आहे, म्हणून दर हिवाळ्यात आम्ही शिडाच्या होड्यांवर जातो आणि लोखंडी जाळं तळाशी ओढतो. डेन्झिल सुकाणूवर बसायचा, त्याची बायको लव्हडे पुढची शिडं सांभाळायची, आणि तो मागून ओरडत राहायचा, "ढील दे! ओढ! झोपलीस का गं?"

"तुझ्या आवाजानं कालवं तळातच तोंड मिटून बसतात," ती म्हणायची.

मग त्याला झटका आला. डावा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. तो कसाबसा बोलला, "होडी... विक."

"विकते की," लव्हडे म्हणाली, "पण हा हंगाम झाल्यावर. उजवा हात आहे ना? सुकाणूला एक पुरतो."

मी तिला बाजूला घेतलं. "वहिनी, वारा उठला तर पुढची दोन्ही शिडं तू एकटी कशी उतरवणार? आणि हा ओरडून सांगणार तरी कसा?"

"अरे जागो, बावीस वर्षांत तो ओरडला म्हणून मी काही केलंय असं वाटतं तुला?"

पहिले काही दिवस बरे गेले. नोव्हेंबरात एका सकाळी नैर्ऋत्येचा वारा एकदम चढला. पाणी काळं झालं. आम्ही सगळे जाळी वर घेऊन शिडं कमी करायला लागलो. माझी होडी त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर होती.

होडीच्या नाळेपुढं, म्हणजे पुढच्या टोकापुढं, एक लांब दांडा असतो. जिब, म्हणजे सगळ्यात पुढचं शीड, त्याच्या टोकाशी एका कडीला बांधलेलं असतं. दोर सोडला की कडी घसरत आत येते आणि शीड हाताशी येतं. लव्हडेनं दोर सोडला, पण कडी हलली नाही. शीड ताणून फाटायला आलं होतं. होडी इतकी कलली की एका अंगाला काठावरून पाणी आत येऊ लागलं.

लव्हडे गुडघ्यांवर बसली आणि त्या दांड्यावरून पुढं सरकायला लागली. खाली लाटा उसळत होत्या. एकदा तर ती कमरेपर्यंत बुडाली.

"वहिनी, मागं ये!" मी बोंबललो. वाऱ्यात मलाच माझा आवाज ऐकू आला नाही.

डेन्झिलचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. शब्द फुटत नव्हता. मग त्यानं सुकाणू कमरेनं दाबून धरलं, उजव्या हातानं मोठ्या शिडाचा दोर मोकळा सोडला आणि होडी वळवली. ती वाऱ्याला पाठ देऊन धावू लागली, आणि जिब मोठ्या शिडाच्या आडोशाला आलं. ताणलेलं कापड एकदम ओल्या चादरीसारखं लोंबकळलं.

होडी वळताच लव्हडे थबकली. मागं न बघता ती सरपटत डेकवर आली आणि दोराला एक हिसका दिला. कडी सुटली. तिनं शीड ओढून कवेत घेतलं, खाली झोकून दिलं आणि त्याच्यावर चक्क बसली.

नंतर मोठं शीड आवळून, आतलं छोटं शीड उलट्या बाजूला धरून त्यांनी होडी थोपवली. मी जवळ गेलो तेव्हा दोघं मांस-बटाटा भरलेली पेस्टी खात होती. थर्मासचं झाकण डेन्झिलनं दातांनी उघडलं होतं.

"वेडे आहात का दोघं?" मी म्हणालो.

"याला विचार," ती म्हणाली. "आज पहिल्यांदाच याचं सांगणं मला कळलं."

डेन्झिल हसायला लागला. हसताना त्याचं तोंड एका बाजूला जात होतं, पण झटक्यानंतर तो असा हसलेला मी पाहिला नव्हता. मग तो सावकाश, एकेक अक्षर जुळवत म्हणाला, "उद्या... लहान... जिब."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लहान जिब लावलं. मार्च संपेपर्यंत त्यांची होडी रोज पाण्यावर होती. होडी बघायला एक गिऱ्हाईक आलं, तेव्हा लव्हडेनं त्याला चहा आणि केशर घातलेला बन देऊन वाटेला लावलं.

उन्हाळ्यात डेन्झिलची जीभ बरीच सुटली. परवा धक्क्यावर उभा होतो, तर लांब पाण्यावरून आवाज आला, "ढील दे! झोपलीस का गं?" आणि त्याच्याही वरचा लव्हडेचा आवाज, "नाही देत, काय करशील?"