पेट्या करणाऱ्याचा शब्द

आमच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी इंग्रजी शब्दांचं कोडं चालवत असे. एकदा मी वाचकांकडून कारागिरांचे जुने इंग्रजी शब्द मागवले. प्रत्येकाच्या शेवटी ‘राइट’ची (wright) सहा अक्षरं हवी होती. पिशोरच्या एका निवृत्त गुरुजींनी नऊ शब्द पाठवले. चाकं करणारा ‘व्हीलराइट’ मी घेतला. लाकडी पेट्या करणारा ‘आर्कराइट’ मात्र कार्यालयातल्या छोट्या शब्दकोशात नव्हता. ‘हे केवळ आडनाव’ असं गुरुजींच्या नावासह छापून मी तो बाद केला.

गुरुजींचा फोन आला. “साहेब, जुने विद्यार्थी पारावर पेपर घेऊन बसलेत. म्हणायलेत, गुरुजी, तुमीबी चुकायलात व्हय?”

“आमच्याकडे तपासूनच छापतात,” मी म्हणालो.

आठवड्याभरात मोठ्या कोशात तो शब्द त्याच अर्थानं सापडला. मी गुरुजींना कळवलं. ते खूश झाले. “मंग रविवारी छापा तेवढं. पारावर दाखवतो.”

मी हो म्हणालो. दुरुस्ती दोन ओळींची होती, पानावर जागाही होती. पण चूक माझ्या नावावर लागली असती. मी ती छापली नाही. सोमवारी त्यांचा फोन आला, तेव्हा मी टेबलापाशीच होतो. साहेब बैठकीत आहेत, असं मी सहकाऱ्याला सांगायला लावलं.