अकरावं उपकरण

विषय : घरच्या वायफायवर आढळलेल्या अनोळखी उपकरणाबाबत.
संदर्भ : सूनबाईंचे तोंडी निवेदन, सकाळच्या चहाच्या वेळी.

वरील विषयास अनुसरून नमूद करण्यात येते की, जन्मभर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते टपालासारखे आपोआप येतात आणि सहसा निकाली निघत नाहीत. निवृत्तीनंतर टपाल थांबलं, पण भिवंडीतल्या आमच्या इमारतीनं माझी सवय मोडू दिली नाही. त्यातला हा एका आठवड्याचा गठ्ठा.

सायली, म्हणजे आमची सून, घरून काम करते. तिच्या कंपनीनं फॉर्म धाडला : घरच्या नेटवर कोणकोणती उपकरणं आहेत, कोणाची आहेत, शुक्रवारपर्यंत कळवा. एकही अनोळखी निघालं तर घरून काम बंद, रोज ऐरोलीला या. नातू दोन वर्षांचा, ऐरोलीला दोन बस. "म्हणजे राजीनामाच द्यायचा, बाबा," ती म्हणाली.

मोबाइलवर यादी उघडली. अकरा उपकरणं.

मी हजेरी घेतली. एकेकानं आपलं वायफाय बंद करायचं, यादीतलं नाव गेलं की मी खूण करणार. आमच्या हिचा फोन देवघरात चार्जिंगला होता. "त्याच्या वतीनं मी 'हजर' म्हटलं तर चालेल का?" हिनं विचारलं. चालणार नाही म्हटल्यावर आमचं बोलणं दुपारपर्यंत बंद होतं. पण दहा उपकरणं जुळली. अकराव्याला नाव नव्हतं, नुसती आकड्या-अक्षरांची लांबट ओळ.

*

समोरच्या घरात अन्सारीभाई राहतात. सारं आयुष्य यंत्रमाग, म्हणजे लूम, दुरुस्त करण्यात गेलं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "साहब, कारखाने में आवाज़ आती है और पता नहीं चलता किस लूम की है, तो एक-एक बंद करते हैं. जिसके बंद होने से आवाज़ रुकी, वही चोर."

राउटर तेवढा इन्व्हर्टरवर ठेवून आम्ही घरातलं एकेक बंद केलं. टीव्ही, लॅपटॉप, फोन, खबरदारी म्हणून फ्रिज आणि मिक्सरही. शेवटी मेन स्विच पाडला. यादी बघायचा फोन सोडला तर एकच ओळ उरली, तीच.

अन्सारीभाईंनी घाम पुसला. "लूम आपके कारखाने का है ही नहीं, साहब."

*

तेव्हा मी जिन्यातल्या फळ्यावर नोटीस लावली : "ज्या सभासदाचे उपकरण अधोस्वाक्षरीकर्त्याच्या वायफायवर असेल, त्याने दोन दिवसांत लेखी कळवावे."

चार उत्तरं आली. तिघांनी 'आमचे नाही' एवढंच लिहिलं होतं. चौथं तिसऱ्या मजल्यावरून : "उपकरण आमचे नाही. मात्र आपले नेट संध्याकाळी फार हळू चालते. कृपया दखल घ्यावी."

सकाळच्या हजेरीत मी संध्याकाळची शिफ्ट धरलीच नव्हती.

*

मग पासवर्ड बदलला. हे काम मी स्वतः केलं आणि चोख केलं. पण कचेरीचा एक नियम अंगात मुरलेला : कोणताही बदल केला की संबंधितांना प्रत गेलीच पाहिजे. मी रीतसर आदेश लिहिला, त्यात नवा पासवर्ड नमूद केला, खाली 'प्रत माहितीसाठी : सर्व सभासद' घातलं आणि इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी अकरावं उपकरण पुन्हा हजर.

सायलीनं आदेश दोनदा वाचला. "बाबा, कुलूप बदललंत आणि किल्ली दाराला टांगलीत."

*

गुरुवारी सकाळीच तिनं शेवटचा उपाय केला. ते एकच उपकरण ब्लॉक केलं. "ज्याचं असेल तो ओरडत येईल," ती म्हणाली.

कोणी आलं नाही. मात्र नऊच्या सुमारास नळाचं पाणी गेलं आणि सेक्रेटरीचा फोन आला. नामदेवदादा आमचे सेक्रेटरी. गावाबाहेर पूर्ण्याला त्यांचं गोदाम आहे, दिवसभर तिकडेच असतात.

"काका, तुमचा नेट बंद हाय का? मोटार चालू व्हईना."

"नेट माझं, मोटार सोसायटीची. संबंध काय?"

"अवो, मी हितून फोनवरनं चालू करतो ना टाकीची मोटार! जिन्यातला जुना स्विच काढला न्हाय का? नवा तुमच्या वायफायवर हाय, तुमच्या आदेशातला पासवर्डबी मीच टाकला."

"कोणाच्या परवानगीनं?"

"तुमच्याच. मिटिंगमधी ठराव झाला. वही काढून बघा, तुमच्याच अक्षरात हाय."

सोसायटीच्या सभांचं इतिवृत्त मीच लिहितो. वही काढली. ठराव होता, सर्वानुमते होता. सूचक कोणी दुसरे होते, अनुमोदक मी.

"मग माझी नोटीस वाचली नाहीत?"

"वाचली की. त्यात सभासदाचं उपकरण इचारलं होतं. मोटार कुटं सभासद हाय?"

*

ब्लॉक काढला, मोटार चालू झाली, पाणी आलं. सायलीनं फॉर्ममध्ये अकराव्या ओळीत 'पाण्याची मोटार, मालक : गृहनिर्माण सोसायटी' असं लिहिलं. तासाभरात कंपनीचं उत्तर आलं : परकं उपकरण काढून टाकण्यासाठी मालकाकडे लेखी अर्ज करावा व त्याची पोच जोडावी. अर्जावर निर्णय होईपर्यंत घरून काम करण्यास हरकत नाही.

मी लगेच अर्ज लिहिला आणि नामदेवदादांच्या हाती दिला. त्यांनी न वाचताच परत केला. "काका, सोसायटीचा पत्रव्यवहार तुमीच बघता ना. तुमीच घ्या, तुमीच ठरवा."

मी माझा अर्ज आवक केला, पोचेवर शिक्का मारून ती सायलीला दिली आणि कागद फाइलीत लावला. पोच कंपनीला शुक्रवारीच पोचली. सायली सध्या आतल्या खोलीत काम करते आहे.

अर्जावर अद्याप निर्णय झालेला नाही. प्रकरण माझ्याकडे प्रलंबित आहे.