दोन रांगांमधलं एक मीटर

हिदायत नदाफ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मैदानावर चुन्याची फक्की मारून रेषा आखत होतो. सकाळचे सात वाजले होते. त्याची बायको शमीमभाभी एवढंच म्हणाल्या, "माने सर, हे गेले." मी विचारलं, कुठं गेला? कारण नदाफ सदानकदा कुठं ना कुठं गेलेलाच असायचा, कधी गडहिंग्लजला मॅच घ्यायला, कधी शिरोळला. भाभींनी दवाखान्याचं नाव सांगितलं, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. इचलकरंजीत पहिली पाळी सुरू करून देऊन तो शेडच्या पायरीवर चहा घेऊन बसला होता, तिथंच कलंडला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वय अठ्ठेचाळीस. याला आता पाच आठवडे झाले. फोन ठेवल्यावर मला दुःख झालं, पण त्याच्या आधी क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण खोटंच लिहायचं तर लिहायचं कशाला... त्याला सांगायची एक गोष्ट चार वर्षं मी दाबून ठेवली होती. आता ती त्याला सांगावी लागणार नव्हती.

नदाफ मागाचा जॉबर. म्हणजे यंत्रमाग बिघडला की तो नीट करून देणारा माणूस. मी कोल्हापुरातला क्रीडाशिक्षक, त्याआधी तालमीतला पैलवान. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पेठेची इभ्रत आणि कुस्ती म्हणजे घरचा कारभार. त्यात हे रग्बी आलं तेव्हा त्या लांबुळक्या चेंडूला लोक पपई म्हणायचे. पहिल्या प्रशिक्षण शिबिरात आम्ही सगळे शाळामास्तर होतो आणि एकटा नदाफ कापूस लागलेल्या शर्टावर चुकून भलतीच बस पकडून आल्यासारखा कोपऱ्यात उभा. तू कशाला आलास, असं मी विचारलं. म्हणाला, "टीव्हीवर बघिटलं. चेंडू भाईर गेला की दोन रांगा करत्यात बघ, मागावरच्या ताण्याच्या दोऱ्यांसारख्या सरळ. लई आवडलं." खेळाडू म्हणून तो कुचकामी होता, दोन धक्क्यांत आडवा व्हायचा. मग त्यानं शिट्टी धरली. नियमांचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचलं, समासात पेन्सिलीनं मराठी लिहिलं, आणि वर्षभरात जिल्ह्यात त्याच्याइतके नियम कुणालाच येत नव्हते.

त्या दोन रांगांना लाइनआउट म्हणतात. चेंडू कडेच्या रेषेबाहेर गेला की दोन्ही संघ समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात, मध्ये एक मीटर मोकळी जागा, आणि चेंडू त्या जागेतून सरळ फेकायचा. प्रत्येक संघ आपल्या एका गड्याला मांड्यांना धरून वर उचलतो आणि तो हवेत चेंडू झेलतो. त्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. नियम एवढेच, पण पाळतो कोण? रेफ्रीही तिथं थोडं इकडं तिकडं करतात, नाहीतर खेळ पुढंच सरकत नाही. नदाफ सोडायचा नाही. त्यानं मागावरून कापडाची एक मीटर किनार कापून आणली होती, पांढरी, कडेला लाल दोरा. मॅच सुरू होण्याआधी दोन्ही रांगांना उभं करून ती मध्ये ताणून दाखवायचा. प्रेक्षक ओरडायचे, "पावणं, झंपरपीस हाय काय?" तो हसायचासुद्धा नाही. घडी घालून पट्टी खिशात ठेवायचा, आणि मग दर लाइनआउटला शिट्टी. रांग सरकली, शिट्टी. चेंडू वीतभर वाकडा, शिट्टी. एकदा तर शाळेच्या मॅचमध्ये समोरच्या संघानं उडीच मारली नव्हती, तरी यानं वाकड्या चेंडूला शिट्टी मारली. ती मात्र अतीच होती असं मी अजूनही म्हणेन.

यावर आमची कैक वेळा जुंपली. मी म्हणायचो, लोक खेळ बघायला येतात, तुझी शिट्टी ऐकायला नाही. तो म्हणायचा, "मर्दा, वाकडा चेंडू सोडला की रांगा चेंडूकडं सरकत्यात. रांगा सरकल्या की हात पोचत्यात. हात पोचला की वर गेलेल्या गड्याचं काय?" मी म्हणायचो, पडेल आणि उठेल, आम्ही तालमीत हजारदा पडलो. तर म्हणायचा, "तू मातीत पडलास आणि सोताच्या पायावरनं पडलास. ह्यो दुसऱ्याच्या हातावर हाय. खाली येईपतोर त्यो माझ्याकडं सोपवलेला असतोय." माग बंद करायला तो एका तुटलेल्या धाग्याचं निमित्त पुरेसं मानायचा, मालक बोंबलला तरी. त्याचा तो स्वभावच होता आणि मला त्याचा मनापासून राग यायचा.

राग येण्याचं खरं कारण वेगळं होतं. माझा संघ सगळा पैलवानांचा. समोर मांडी दिसली की आमच्या पोरांचे हात आपोआप पटात शिरतात, पाय धरून माणूस पाडायचा हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. ते मोडण्याऐवजी मी त्याचं शस्त्र केलं. लाइनआउटला हळूच अर्धं पाऊल पुढं सरकायचं, समोरचा वर गेला की त्याची पोटरी नुसती हिसडायची. चेंडू सुटतो. हे मी शिकवलं, सराव करून घेतला, शाबासकी दिली. इतर रेफ्रींना ते दिसायचं नाही. नदाफला दिसायचं. एका अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला त्यानं माझ्या संघातल्या विक्रमला त्यासाठी बाहेर काढलं आणि आम्ही हरलो. मैदानावरच मी त्याच्या अंगावर गेलो. "नदाफ, खेळ मारलास तू," म्हणालो. त्यानं पट्टी खिशातून काढून माझ्यापुढं धरली आणि म्हणाला, "माने, आज खेळ मेला तर उद्या परत खेळता येतंय." मी ती पट्टी त्याच्या हातातून हिसकावून फेकून दिली. त्यानं वाकून उचलली, माती झटकली.

त्या आठवड्यात मी आयोजकांना पत्र लिहिलं. नदाफ यांच्या अतिरेकी नियमबाजीमुळे खेळाचा वेग मरतो, प्रेक्षक दुरावतात, तरी त्यांना मोठे सामने देऊ नयेत. सात प्रशिक्षकांच्या सह्या घेतल्या. मसुदा माझा, धावपळ माझी, आणि सही मात्र मी सगळ्यात खाली केली, मागून सामील झाल्यासारखं दिसावं म्हणून. नदाफला पत्र दाखवलं गेलं. मला भेटल्यावर तो एवढंच म्हणाला, "समद्यांनी केल्या, तू एकटा कशाला मागं राहशील." पत्र कुणी लिहिलं हे त्यानं विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

पुढच्या मोसमात मोठ्या सामन्याला दुसरा रेफ्री आला. हसतमुख, खेळ वाहता ठेवणारा, मला एकदम पसंत. समोर शिरोळ भागातला संघ होता, त्यांचा उंच गडी अक्षय, बावीस वर्षांचा. पहिल्या दोन लाइनआउटला माझी पोरं अर्धं पाऊल सरकली, शिट्टी नाही. तिसऱ्याला पाऊलभर. शिट्टी नाही. चौथ्याला दोन रांगांत हात घालायलाही जागा नव्हती. अक्षय वर गेला, विक्रमनं पोटरी धरून हिसडली, जशी मी शिकवली होती तशी. उचलणाऱ्यांच्या हातातून अक्षय निसटला आणि डोक्यावर आला. आवाज फार मोठा झाला नाही. चेंडू आमच्या हातात होता आणि मी, देवाशपथ सांगतो, "चला पुढं" असं ओरडलो...

नदाफ प्रेक्षकांत होता. मैदानात पहिला तो शिरला. कुणीतरी अक्षयला पाणी पाजायला, उठवून बसवायला निघालं होतं, त्यांना त्यानं ढकलून दिलं आणि अक्षयचं डोकं दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून बसला. "कुणी हालवायचं न्हाय," एवढंच म्हणत होता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत उन्हात तसाच. डोकं तसूभरही हललं नाही. माझ्याकडं त्यानं एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. अक्षय वाचला. छातीखाली त्याला काही कळत नाही. हात उचलतात, बोटं धरत नाहीत. विक्रमनं खेळ सोडला, तो कागलच्या एमआयडीसीत लागला. रस्त्यात दिसलो तर गाडी वळवतो.

नंतर नदाफ दर शुक्रवारी, मागांच्या सुट्टीच्या दिवशी, शिरोळला अक्षयकडं जाऊ लागला. त्याच्या जुन्या मोपेडवरून, पुराचं पाणी ओसरल्या ओसरल्या गाळातूनसुद्धा. मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा फळं ठेवून, त्याच्या आईशी उसाबद्दल बोलून दहा मिनिटांत उठलो. नदाफला सांगायचं मी दरवेळी ठरवायचो, की ते पत्र माझं होतं, तू असतास तर पहिल्याच लाइनआउटला शिट्टी वाजली असती. चहा यायचा, बोलणं दुसरीकडं जायचं. आयोजकांनी त्याला परत बोलावलं होतं, पण तो शाळांच्याच मॅच घ्यायचा. मी त्याच्यासमोर कधी नियमांवर वाद घातला नाही. बाकी आम्ही मित्रच होतो, हेही तितकंच खरं.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी भाभींनी मला बोलावून त्याची पिशवी दिली. शब्दकोश, पेन्सिलीच्या टिपांचं पुस्तक, रेफ्रीची पिवळी-लाल कार्डं. शिट्टी नव्हती आणि पट्टीही नव्हती. भाभी म्हणाल्या, "शोधली की मी. घरात न्हाय." मग म्हणाल्या, "तेवढं शिरोळला जाऊन या. तो पोरगा वाट बघत असंल. ह्यांनी शुक्रवार कधी चुकवला न्हाय."

मी शुक्रवारी गेलो. अक्षयची आई दारात होती, तिनं नुसती मान हलवून आत जायला सांगितलं. खिडकीजवळच्या खाटेवर अक्षय उशीला टेकून बसलेला, आणि त्याच्या गळ्यात ती किनार होती, पांढरी, कडेला लाल दोरा, आता मळलेली. तिला नदाफची शिट्टी बांधलेली.

"बसा की सर," तो म्हणाला. "गाडी वाजली की अजून वाटतंय तेच आले."

मी बसलो. मग विचारलं, नदाफ तुझ्याशी काय बोलायचा?

"मॅचबद्दल. मी एकदा इच्यारलं त्यास्नी, त्या दिवशी तुमी रेफ्री का नव्हता? तर म्हणले, माझीच मॅच होती, पण मी सुट्टी घेतली. माझी चूक हाय." अक्षय माझ्याकडं बघत होता. "दर शुक्रवारी माझी माफी मागायचे सर. मी म्हणायचो, एका सुट्टीपायी एवढं काय."

मी सांगितलं, सुट्टी त्यानं घेतलीच नव्हती. पत्र, सह्या, सगळ्यात खाली केलेली सही, अर्धं पाऊल, पोटरी कशी धरायची ते. मध्ये एकदा त्याची आई चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली, तिनंही ऐकलं. चहा देऊन ती आत गेली. अक्षय किती तरी वेळ खिडकीबाहेर ट्रॅक्टर जाताना बघत बसला. माझं सांगून संपलं होतं आणि मला हलकं वाटलं नाही. हे सगळं लिहून छापायला देऊ का, असंही मी विचारलं. त्यावर त्यानं उशीकडं मान वळवली.

मग म्हणाला, "फोन घ्या. उशीखाली हाय. सर धरायचे मला दिसंल असा."

मी फोन त्याच्यासमोर धरला. कुठलीशी परदेशातली मॅच होती, अर्ध्यावर थांबवलेली. नदाफनंच थांबवली असणार. मी ती सुरू केली. चेंडू बाहेर गेला, दोन रांगा उभ्या राहिल्या, एक गडी वर गेला. अक्षयनं दोन्ही मनगटांत धरून शिट्टी तोंडाशी नेली आणि मारली. त्या एवढ्याशा खोलीत ती कानात घुसली.

"काय चुकलं?"

"चेंडू वाकडा?" मी म्हणालो.

"चेंडू सरळ हाय. रांगा बघा."

मी पाहिल्या. मला त्या बरोबरच वाटल्या. तसं म्हणालो.

"मागं घ्या," अक्षय म्हणाला. मी मागं घेतलं. रांगा परत उभ्या राहिल्या, गडी परत वर गेला, त्याला धरणारे हात दिसले, आणि मला अजूनही काही दिसत नव्हतं.

"दिसलं?"

"न्हाय."

"परत," तो म्हणाला, आणि शिट्टी ओठांत धरून थांबला.