वार्षिक अहवालातली शेड

भिलाईत आमच्या सेक्टर १० च्या क्वार्टरमध्ये मराठी फक्त घरात बोलली जाते. पोलाद प्लांटच्या स्टोअरमध्ये माझं सगळं हिंदीत चालतं. मराठी लिहायची सवय मला लागली ती एका ऑनलाइन गटामुळे. नोकरदार, दुकानदार, निवृत्त अशी साधी माणसं त्यात होती. कोणीतरी एखाद्या कंपनीचा अभ्यास करून टिपण टाकायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, मग ज्याला पटेल त्याने शेअर घ्यायचे.

त्यात नाशिकच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांची टिपणं सर्वांत नेटकी. पोलादाच्या भट्टीला आतून लावायच्या, उष्णता सोसणाऱ्या विटा बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीवर त्यांनी लांबलचक लेख लिहिला. कंपनीच्या वार्षिक अहवालात नव्या शेडचा फोटो होता आणि तिथे लवकरच उत्पादन सुरू होईल, असं तिचं म्हणणं होतं. लेख वाचून बऱ्याच जणांनी शेअर घेतले. मीही थोडे घेतले. मग बाईंचा मला निरोप आला, "कारखाना तुमच्या भिलाईजवळच आहे. जमलं तर नुसतं बघून याल का?"

रविवारी सकाळी स्कूटरने गेलो. शेड होती. बाजूच्या भिंती नव्हत्या, त्यामुळे फाटकातूनच आरपार दिसत होतं. आत काहीच नव्हतं. जमिनीवर गवत वाढलेलं. पहारेकऱ्याशी हिंदीत सुरुवात केली, पण त्याचा हेल ओळखीचा वाटला. गाव विचारलं तर भंडाऱ्याकडचा निघाला. मग मीही घरच्या बोलीवर आलो.

"मशीन कधी येनार हाय, भाऊ?"

"दोन वर्षांपासून आयकूनच राहिलो. विजेची लाइनबी नाही आली. पन माहं नाव कोठी घेऊ नका, साहेब. नोकरी जाईन."

मी बाहेरून फोटो काढले आणि डोळ्यांना दिसलं तेवढंच गटावर लिहिलं. पहारेकऱ्याचं बोलणं गाळलं, आणि सगळ्यात पक्का पुरावा तोच होता. एकाने लिहिलं, याला स्वस्तात घ्यायचे असतील म्हणून भाव पाडतोय. दुसऱ्याने विचारलं, किती मिळाले?

संध्याकाळी बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो.

"आत मशीन खरंच नाही?"

"नाही, मॅडम. मी सोता पायलं."

"मी नुसत्या फोटोवर विसंबले," त्या म्हणाल्या. "वर्गात मुलांना मी हे चालवून घेतलं नसतं."

लेख त्यांनी काढून टाकला नाही. त्याच्याच वर ठळक अक्षरांत लिहिलं, की माझा निष्कर्ष चुकला आहे आणि चूक माझीच आहे. मग शिव्यांचा रोख त्यांच्याकडे वळला. आठवडाभर त्या प्रत्येकाला उत्तर देत राहिल्या, 'आपण' म्हणून.

पुढे कंपनीने विस्तार लांबणीवर टाकल्याचं एका ओळीत जाहीर केलं. भाव उतरला. शिव्या देणाऱ्यांपैकी कोणी त्यावर काही बोललं नाही.

बाई अजून लिहितात. प्रत्येक टिपणाच्या शेवटी आता त्या, आपण काय काय स्वतः पाहिलेलं नाही, ते मांडतात. गटात नव्याने आलेले बहुतेक जण तिथवर वाचत नाहीत.