म्हातारीचा खोकला

बुधवार, ११ मार्च. पडदे धुतले. भाऊजी दुपारीच घरी आले, डबा भरलेलाच. म्हातारी खोकते.

वहिनींच्या डायरीतली ही म्हातारी म्हणजे मत्स्यालयाच्या तलावातली सगळ्यात वयस्कर डॉल्फिन. भाऊजी, म्हणजे वहिनींचे धाकटे दीर, बावीस वर्षं तिची देखभाल करत होते. रोज सकाळी काठावर ओणवं होऊन ते तिच्या डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्राशी नाक नेत. आंबूस वास आला की तब्येत बिघडली, हे त्यांचं शास्त्र. सोमवारी मात्र त्यांचंच नाक चोंदलेलं. वास येईना म्हणून ते आणखी जवळ गेले, आणि नेमके शिंकले.

"वहिनी, मीच दिलं तिला हे दुखणं," ते म्हणाले. "तिच्या डॉक्टरबाईंनी मला तलावावर यायची बंदी केलीय."

"माशाला माणसाची सर्दी होते?"

"मासा नाही ती. आपल्यासारखी फुप्फुसं आहेत. बाई म्हणतात, होऊही शकते, पण खात्रीने कुणी सांगत नाही. आमचे दोघांचे नमुने तपासायला गेलेत."

वहिनींना राहवेना. चष्मा पुसून त्यांनी डायरी मागे चाळली.

"शुक्रवार, सहा तारीख. म्हातारीने निम्मी मासळी टाकली. जेवताना तुम्हीच सांगितलंत. तुमच्या शिंका नऊ तारखेच्या. मग आधी आजारी कोण पडलं?"

"म्हणजे तिनेच मला दिलं?"

"असं कुठे लिहिलंय?" वहिनींनी आणखी एक पान मागे उलटलं. चार तारीख. घसा खवखवतो. भाऊजी डबा विसरले, नेऊन दिला. म्हातारीच्या तोंडाशी वाकून पोटभर गप्पा मारल्या.

डायरी मिटली असती तर कुणाला कळणार होतं? पण चाळीस वर्षांत त्यांनी एक ओळ खोडली नव्हती. त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

"घ्या," भाऊजी म्हणाले, "चोर घरातच निघाला."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी वहिनींच्या घशातूनही नमुना घेतला आणि डायरीच्या पानांचे फोटो काढले. आठवड्याने निकाल आला. म्हातारीचा विषाणू वहिनी-भाऊजींपैकी कुणाच्याच विषाणूशी जुळत नव्हता.

"या वेळी तुमच्याकडून गेलेला नाही," बाई म्हणाल्या. "कधीच जाणार नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. उद्यापासून या, पण मास्क लावून."

"मास्कमधून मला तिचा वास कसा येणार?" भाऊजी घरी येऊन कुरकुरले.

"तिने काय खाल्लं, कधी खोकली, ते तारखेनिशी लिहा. नाकापेक्षा वही बरी."

शुक्रवार, २० मार्च. भाऊजी कामावर रुजू. कपाटातली कोरी वही त्यांना दिली. डबा रिकामा परत आला.