साठनं भागलेलं गणित

कापसानं अख्ख्या जिल्ह्याला रडवलं, त्या वर्षांत मी आर्णीकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो. गणिताचे सर दिवाळीला गावी गेले ते परतलेच नाहीत. दुसरं कोणी मिळेना, म्हणून बारावीचं गणित माझ्या गळ्यात पडलं. मला ते येतं, असा माझा समज होता.

दिवाळीनंतर निम्मा वर्ग वेचणीला जायचा. एक मुलगी मात्र सकाळी कापूस वेचून दुपारी वर्गात हजर असायची, हात बोंडांनी ओरखडलेले. तिच्या वडिलांनी बजावलं होतं की यंदा एका दमात पास झालीस तर पुढे शिकवीन, नाही तर लग्न. हे तिनंच मला सांगितलं होतं, अगदी हवापाण्याचं बोलावं तसं.

एके दुपारी साइन x चा π/6 पासून π/2 पर्यंतचा बदलाचा सरासरी दर काढायचा होता. लॉगटेबल चाळून चाळून आम्हा सगळ्यांना कोन अंशांतच दिसायचा. मी फळ्यावर लिहिलं: तीस अंशांना अर्धा, नव्वदला एक. फरक अर्धा, भागिले साठ. उत्तर एकशेविसांश.

ती उभी राहिली. “सर, पुस्तकात तं दुसरंच उत्तर हाये. तीन भागिले दोन π.”

मागून कोणी तरी हसलं आणि माझं डोकं सटकलं. “छपाईच्या चुका ढिगानं असतात पुस्तकात. मी सांगतो तसं लिही.”

तिनं पुस्तकातलं उत्तर पेनानं खोडलं आणि वर माझं लिहिलं.

मार्चच्या पेपरात त्याच पद्धतीचं गणित आलं, चार गुणांचं. गणित शिकवणाऱ्या यवतमाळच्या एका मित्राला मी तो पेपर दाखवला, माझं उत्तरही सांगितलं. तो म्हणाला, “अबे, x रेडियनमध्ये असते. अंशानं कायले भागून राह्यला?” मला तोंडात मारल्यासारखं झालं. पूर्ण वर्गाला मी तेच शिकवलं होतं. निकाल लागेपर्यंत रोज वाटायचं, बाकीची गणितं तिला तारतील.

ती गणितात तीन गुणांनी गेली. गुणपत्रिका न्यायला आली तेव्हा रडली नाही, याचाच मला जास्त त्रास झाला.

“पोरगं पाहून गेलं, सर. पंधरा दिवसांनी लग्न हाये,” ती म्हणाली. “कुठी चुकलं तेच समजून नाही राह्यलं. ते सरासरीवालं तं बरोबरच होतं माह्यं. तुमी सांगतलं तसंच केलं.”

तोंड उघडायला तेवढा एक क्षण होता. कार्यालयात दोन शिक्षक बसले होते आणि मला माझी अब्रू आठवली.

“ऑक्टोबरात पुन्हा बस,” मी म्हणालो.

ती “हो, सर” म्हणाली आणि जाताना माझ्या पाया पडली.