आई घरी, पानं कुटतेय

आमच्या शहरात आई कुणाला म्हणायचं याचा काही नियम नाही. जिच्या हातचं खाऊन पोर वाढतं ती आई. जन्म कुणी दिला हे ज्याला त्याला ठाऊक असतं, म्हणून कुणी विचारत नाही. याबोमच्या घरात तिची म्हातारी आई नामिना हीच सगळ्यांची आई होती. याबोमच्या तीन धाकट्या बहिणी तिला ताई म्हणत, ते ऐकून तिची पोटची पोर रुगीसुद्धा तिला ताईच म्हणे. आजीला आई आणि आईला ताई. याबोमला त्याचं काही वाटत नसे.

"काय म्हणते त्यानं काय फरक पडतो?" ती म्हणायची. "भूक लागली की येते ना माझ्याच मांडीवर?"

फरक पडला. किती पडला ते सांगायलाच मी बसलोय, कारण त्यात माझाही हात आहे.

फ्रीटाउनच्या समुद्रकाठी एक मोठं हॉटेल आहे. तिथं स्वागताच्या टेबलाशी मी उभा जन्म काढला. याबोम आत धोबीखान्यात इस्त्री करायची. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि जीभ तर आमच्या मिरचीपेक्षा तिखट. मला बंकोलेदादा म्हणायची, पण त्यात मान कमी आणि चेष्टाच जास्त. एकदा माझा टाय बघून म्हणाली, "दादा, फास तर छान आवळलात. आता लटकणार कुठं तेवढं सांगून ठेवा." आम्ही किस्सीच्या वस्तीत एकाच अंगणात राहत होतो, त्यामुळे घरी गेलो तरी त्या जिभेपासून सुटका नव्हती.

विलेम नावाचा एक डच माणूस आमच्या हॉटेलात उतरायचा. पाण्याचे पंप बसवायचं काम त्याचं. कपडे धुवायला द्यायचं निमित्त करून तो धोबीखान्यात जायला लागला आणि वर्षभरात रुगी जन्मली. तो लग्न करणार होता. 'करणार होता' या दोन शब्दांवर आमचं अर्धं शहर जन्माला आलंय, तेव्हा त्यावर जास्त बोलत नाही. पण माणूस वाईट नव्हता. त्यानं पोरीला स्वतःचं नाव दिलं, आपल्या देशाचा पासपोर्टही काढून आणला. रुगी तीन वर्षांची असताना तापानं आठ दिवसांत गेला. त्याच्या मागे त्याची एक बहीण होती हॉलंडात. नाताळला पोरीच्या नावानं तिचं कार्ड यायचं. तिला भाची ठाऊक होती, भाचीची आई ठाऊक नव्हती.

पुढच्याच वर्षी सत्ता उलथली. शिपायांनी तुरुंग फोडले, दुकानं लुटली, आमच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या गोळ्या सुटायला लागल्या. मग रेडिओवर सांगितलं गेलं की परदेशी नागरिकांनी एक पिशवी घेऊन समुद्रकाठच्या हॉटेलात जमावं. तिथून हेलिकॉप्टर त्यांना जहाजावर नेईल. मूल परदेशी असेल तर त्याच्याबरोबर आई किंवा बाप, एकालाच जाता येईल.

फाटकावर शांतिसेनेचे जवान होते. आमच्यासारखेच काळे, शेजारच्या देशातून आलेले. इंग्रजी बोलत, पण आमची बोली त्यांना कळत नसे, म्हणून सार्जंटनं मला टेबलावरून उचलून आपल्या शेजारी उभं केलं. "तू फक्त सांगायचं, कोण काय बोलतंय ते," तो म्हणाला. "शब्दाला शब्द."

आणि मी काय केलं? पहिल्याच तासात खोटं बोललो. माझी मामेबहीण ओरे एका लेबनानी दुकानदाराच्या पोराचा हात धरून रांगेत आली होती. तिनं डोळ्यांनी खुणावलं, आणि मी सार्जंटला शपथेवर सांगून मोकळा झालो की हीच त्या पोराची आई. ती फाटकाच्या आत पाऊल टाकते न टाकते तोच पोराची खरी आई मागून किंचाळत आली. सार्जंटनं ओरेला बाहेर काढलं. माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्यानं माझे कान तापले.

याबोम आली ती दहाच्या सुमारास. किस्सीपासून चालत, पोर पाठीला बांधून. पायांना चिखल, पण रुगीचा फ्रॉक पांढराशुभ्र आणि कडक इस्त्रीचा. दंगलीतसुद्धा ही बाई इस्त्री करून निघाली होती. मला बघून तिचा चेहरा खुलला. तिला वाटलं, दादा दारावर आहे म्हणजे झालंच काम.

सार्जंटनं पासपोर्ट उलटासुलटा करून बघितला. पोरीचं सगळं ठीक होतं. "आणि तू?"

"मी हिची आई," याबोम म्हणाली.

"जन्माचा दाखला?"

तो आमच्यात कोण काढतो? सार्जंटनं उसासा टाकला. "सकाळपासून आठवी आई ही." मग तो पाठीवरच्या रुगीकडे वाकला, खिशातून बिस्कीट काढून तिच्या हातात दिलं आणि मला म्हणाला, "पोरीला विचार. पोरं खोटं बोलत नाहीत. ही बाई कोण, विचार."

मी विचारलं. रुगी बिस्कीट चावत म्हणाली, "ताई."

"आणि तुझी आई कुठंय?"

"आई घरी. पानं कुटतेय."

रोजच्या कालवणाला कसाव्याची पानं कुटते ती आमच्यात आजीच. मी ते जाणत होतो. पण सार्जंटची नजर माझ्यावर होती, कान अजून तापलेले होते, आणि मी शब्दाला शब्द सांगून टाकलं. बहीण म्हणतेय. आई घरी आहे म्हणतेय.

सार्जंट सरळ झाला आणि त्यानं कागदावर लिहिलं: आई घरी, किस्सीला. पत्त्यासाठी मला म्हातारीचं नाव विचारलं, तेही मी सांगितलं. तेव्हा कुठं माझी जीभ सैल झाली. "साहेब, हीच आई आहे. आजीलाच आई म्हणतात त्यांच्याकडे. मी शेजारी राहतो, देवाशपथ सांगतो!"

"मघाशीही तू शपथच घेतली होतीस," तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "पोर जाईल. बाई नाही."

लांडगा आला रे आला ही गोष्ट मी लहानपणी शाळेत ऐकली होती. हसलोही होतो.

याबोम माझ्याकडे बघतही नव्हती. तिनं पोरीला पाठीवरून सोडलं, समोर उभं केलं आणि तिचे दोन्ही खांदे धरले. "रुगी, मला आई म्हण. एकदाच. या काकांना ऐकू जाईल असं म्हण, आई."

रुगीला तो खेळ वाटला. ती खुदकन हसली. "तू नाहीस आई! तू ताई!"

तेवढ्यात टेकडीमागे काहीतरी फुटलं आणि रांग फाटकावर कोसळली. सार्जंट ओरडला, "बाई, लवकर ठरव!" याबोमला ठरवायला किती वेळ मिळाला असेल? मी उच्छ्वास सोडला तेवढाच. आत एक म्हातारी डच नर्स होती. याबोमनं पोर तिच्या कडेवर दिली, पासपोर्ट आणि नाताळचं एक कार्ड तिच्या हातात कोंबलं. रुगी रडली नाही. तिला वाटलं, हेलिकॉप्टर फिरवून आणणार. लांबून हात हलवून ओरडली, "ताई, येते हं!"

जाताना जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे तिला याबोमनंच शिकवलेलं.

"ये," याबोम म्हणाली. हेलिकॉप्टर जहाजाच्या दिशेनं बारीक होईस्तोवर ती तिथंच उभी होती, पाठीचं रिकामं फडकं तसंच कमरेला गुंडाळून.

त्यानंतर दीड वर्षानं बंडखोर किस्सीत शिरले. नामिना गेली, घर जळलं, आणि बाकीची कार्डं, त्यांवरचा हॉलंडचा पत्ता, सगळं घराबरोबर गेलं. याबोम पुन्हा हॉटेलात इस्त्रीला लागली. टपाल आलं की धोबीखान्यातून वर यायची आणि काही न विचारता टेबलापाशी उभी राहायची. मी मान हलवायचो, ती खाली जायची. अशी पंधरा वर्षं. जीभ तशीच तिखट राहिली, फक्त माझ्या टायवर ती पुन्हा कधी बोलली नाही. ते मला फार लागलं.

आणि मग पत्र आलं. हॉटेलच्या नावानं, इंग्रजीत. मी ते उभ्यानं वाचलं आणि खुर्ची ओढून बसलो. मग खाली जाऊन तिला वाचून दाखवलं.

रुगीनं लिहिलं होतं: "मी एकवीस वर्षांची आहे. युद्ध संपल्यावर माझ्या आत्यानं चौकशी केली होती. कागदावर माझ्या आईचं नाव नामिना होतं, त्या वारल्या असं कळवण्यात आलं. मला त्या अजिबात आठवत नाहीत. त्या मला पोचवायला आल्या नाहीत याचा मला कधीकधी राग येतो. पण मला एक ताई आठवते. ती बहुधा आमच्याकडे कामाला असावी. तिच्या पाठीवर मी होते, आणि त्या पाठीला ताज्या इस्त्रीचा वास यायचा. ती जिवंत असेल तर मला तिला भेटायचं आहे."

इस्त्री चादरीवर तशीच राहिली आणि करपल्याचा वास आला. इतक्या वर्षांत याबोमनं पहिल्यांदा चादर जाळली.

"याबोम," मी म्हणालो, "माझं चुकलं त्या दिवशी."

"चुकलंच," ती म्हणाली. मग इस्त्री बाजूला ठेवली. नंतर हात पुसले. "कागद घ्या, दादा. मी सांगते ते लिहायचं, शब्दाला शब्द. त्यात तुम्ही पटाईत."

"सांग."

"ताई जिवंत आहे. ये."

मी लिहिलं आणि थांबलो. "अन् आई तूच, ते?"

"ते नको. कागदावर तिची आई मेलीय, राहू दे मेलेली. पोरीला जी आठवते तिच्याकडेच येऊ दे ना. बाकीचं मी बोलेन समोर बसून, जमलं तर."

"खाली नाव काय घालू?"

तिनं माझ्या हातातून पेन घेतलं. तिला लिहिता येत नव्हतं. दुसऱ्या कागदावर मी काढून दाखवलेली अक्षरं बघून, जीभ दातांत धरून, तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं: ताई.